चाहत्याच्या निष्ठेची झडती

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशाकडून एका गोलने हरला. बांगलादेशाकडून हरायची बावीस वर्षांतली ही पहिली वेळ. त्याच्या महिनाभर आधी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ नमवून २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद केलं होतं. एवढं झाल्यावर कुणाच्या तरी नावाने खडे फोडायला हवेत, हे ओघानेच आलं. प्रशिक्षक झाले, महासंघ झाला, आणि मग नेहमीप्रमाणे पाळी आली ती रात्री दीड वाजता उठून चॅम्पियन्स लीग बघणाऱ्या पोराची.

त्याच्यावरचं आरोपपत्र आता सगळ्यांना पाठ आहे. आर्सेनलचा राखीव गोलरक्षक कोण ते त्याला झोपेतही सांगता येतं, भारताचा कर्णधार कोण ते मात्र आठवावं लागतं. मँचेस्टर हरलं की त्याला जेवण जात नाही, भारत हरल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. अंगात साहेबाच्या क्लबचा टी-शर्ट, म्हणजे गुलामी अजून रक्तातून गेलेली नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: देश आधी, क्लब नंतर, एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्या देशात फुटबॉल कसा वाढणार?

हा युक्तिवाद मला मुळातूनच उलटा वाटतो. परिणामालाच कारण ठरवून तो मोकळा होतो. शिवाय निष्ठेची जी उतरंड तो गृहीत धरतो, ती फुटबॉलवेड्या कुठल्याही गावात एक दुपारसुद्धा टिकणार नाही.

या मंडळींचा आवडता साक्षीदार म्हणजे सुनील छेत्री. जून २०१८मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात इंटरकॉन्टिनेन्टल कपचा पहिला सामना झाला, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत ५-० जिंकला, छेत्रीने तीन गोल मारले, आणि ते बघायला हजर होती २,५६९ माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून केलेलं आवाहन देशभर फिरलं आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, भर पावसात तेच स्टेडियम भरून गेलं. "बघा, खुद्द कर्णधाराला पदर पसरावा लागला," असं म्हणत ही गोष्ट चाहत्याच्या तोंडावर फेकली जाते. पण छेत्री बोलला काय होता? युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना त्याने सांगितलं की आमचा दर्जा तेवढा नाही हे तुमचं म्हणणं मान्य, त्याच्या जवळपासही नाही. तरी या. नावंच ठेवायची असतील तर मैदानात येऊन तोंडावर ठेवा, ओरडा, शिव्या घाला. कुणी सांगावं, एक दिवस आमच्यासाठीही ओरडू लागाल. आधी तुमचा क्लब सोडा, असं यात कुठेही नाही. आणि केनियाच्या सामन्याला ती गर्दी आली कुठून? दोन दिवसांत मुंबईत नवे फुटबॉलप्रेमी जन्माला आले नव्हते. शनिवार-रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून ज्यांनी हा खेळ डोळ्यांत भरून घेतला होता, तेच रेनकोट घालून अंधेरीला उतरले. छेत्रीने त्यांना माणसासारखं बोलावलं, एवढाच फरक.

आता उतरंडीकडे येऊ. देश वर, क्लब खाली. आणि ज्याची उतरंड उलटी तो बाटलेला. ही कल्पना डोक्यात पक्की बसलेल्यांनी ३ जुलै १९९०ची नेपल्सची संध्याकाळ जरा नीट बघावी.

विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. यजमान इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान सान पाओलो, म्हणजे मॅराडोनाचं स्वतःचं अंगण. १९८४मध्ये तो नेपल्सला आला तेव्हा नापोलीने इटालियन लीग एकदाही जिंकलेली नव्हती. १९८७मध्ये त्याने ती जिंकून दिली आणि या सामन्याच्या दोनच महिने आधी पुन्हा एकदा. हे शहर दक्षिणेतलं, गरीब आणि देशभर बदनाम. नापोलीचा संघ उत्तरेत खेळायला गेला की तिथले प्रेक्षक व्हेसुव्हियस ज्वालामुखीला साकडं घालत, की यांना एकदाचं आगीने धुऊन काढ. १९७३च्या कॉलऱ्यावरून टोमणे, १९८०च्या भूकंपावरून टोमणे. मॅराडोनाचा पहिलाच लीग सामना व्हेरोनात झाला. तिथे नापोलीच्या स्वागताला 'इटलीत तुमचं स्वागत असो' असा फलक होता, हे तो पुढे वारंवार सांगत राहिला. अर्थ सरळ होता. नेपल्स इटलीत मोडत नाही.

सामन्याआधी मॅराडोनाने नेमकं या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वर्षाचे ३६४ दिवस हे लोक तुम्हाला परकं म्हणून हिणवतात आणि एका संध्याकाळपुरतं तुम्ही इटालियन व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, असं तो नेपल्सच्या लोकांना म्हणाला. देशभर बोंब उठली. नेपल्स आता पलटी खाणार, असं वर्तमानपत्रांनी जवळपास ठरवूनच टाकलं.

प्रत्यक्षात स्टेडियममध्ये जे घडलं ते या वर्तमानपत्रांपेक्षा कितीतरी शहाणपणाचं होतं. मॅराडोनावर नेपल्सचं प्रेम आहे, पण मायभूमी इटलीच, अशा अर्थाचा फलक तिथे झळकला. बहुतेक गर्दी इटलीच्याच बाजूने होती. मात्र त्या स्पर्धेत इतर शहरांत अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या गेल्या, तशा इथे कुणी मारल्या नाहीत. १७व्या मिनिटाला स्किलाचीने इटलीला पुढे नेलं. ६७व्या मिनिटाला कॅनिजियाने डोक्याने चेंडू वळवला आणि स्पर्धेत तोवर एकही गोल न खाल्लेल्या इटलीच्या गोलरक्षकाच्या, झेंगाच्या, जाळ्यात तो विसावला. पुढे पेनल्टी. अर्जेंटिनाचा गोलरक्षक गोयकोचिआ याने डोनाडोनी आणि सेरेना यांचे फटके अडवले, मॅराडोनाने आपला शांतपणे मारला आणि इटली आपल्याच घरातल्या विश्वचषकातून बाहेर पडली. पाच दिवसांनी रोममध्ये अंतिम सामन्याआधी अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत शिट्ट्यांत बुडालं, आणि कॅमेरा चेहऱ्यावर येताच दात-ओठ खात शिवी हासडणारा मॅराडोना सगळ्या जगाने पाहिला.

यात देशाशी बेइमानी कुणी केली? नेपल्सच्या माणसाने दोन्ही प्रेमं एकाच वेळी छातीवर बाळगली, आणि तीही पाहुण्याच्या राष्ट्रगीताचा मान राखून. याउलट याच स्पर्धेचा ८ जूनचा उद्‌घाटनाचा सामना आठवा. मिलानमध्ये अर्जेंटिना विरुद्ध कॅमेरून. मॅराडोनावरच्या रागापायी सान सिरोचं सगळं स्टेडियम कॅमेरूनच्या बाजूने उभं राहिलं, आणि कॅमेरून जिंकलंही. आपल्यामुळे मिलानचे लोक आफ्रिकी माणसांसाठी टाळ्या वाजवायला शिकले, असा चिमटा मॅराडोनाने काढला. तो सान सिरोवरचा राग काही देशप्रेमाचा नव्हता. आपल्या क्लबांना हरवून दक्षिणेच्या क्लबला राजा केलेल्या माणसावरचा, शुद्ध क्लबचा राग होता तो. पण मिलानवाल्यांच्या निष्ठेची झडती कुणी घेतली नाही. ती नेहमी नेपल्सचीच घेतली जाते. ज्याला देशाने पूर्ण आपलं मानलेलं नसतं, त्याच्याकडेच प्रमाणपत्र मागितलं जातं.

इंग्लंडमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट घडली. १९९८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध डेव्हिड बेकहॅमला लाल कार्ड मिळालं, इंग्लंड पेनल्टीवर हरला आणि सगळा देश त्या तेवीस वर्षांच्या पोरावर तुटून पडला. लंडनमध्ये एका पबबाहेर त्याच्या पुतळ्याला फाशी दिली गेली. नव्या मोसमात तो जिथे जाईल तिथे त्याची हुर्यो उडवली गेली. त्याला सांभाळलं कुणी? मँचेस्टर युनायटेडने, तिथला प्रशिक्षक फर्ग्युसनने आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांनी. देशापेक्षा क्लब मोठा मानणारे म्हणून जे कुप्रसिद्ध, त्यांनीच. मोसमाच्या पहिल्याच लीग सामन्यात लेस्टरविरुद्ध शेवटच्या क्षणी फ्री किकवर त्याने बरोबरी साधून दिली आणि त्या वर्षी युनायटेडने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ६ ऑक्टोबर २००१ला ग्रीसविरुद्ध याच मैदानावर, भरपाई वेळेत, याच बेकहॅमच्या फ्री किकने इंग्लंडला पुढच्या विश्वचषकात नेलं. वेम्बली तेव्हा पाडून नव्याने बांधायचं होतं म्हणून सामना ओल्ड ट्रॅफर्डवर होता, हा योगायोग. पण १९९८च्या उन्हाळ्यात 'देश आधी' म्हणणाऱ्यांच्या हाती त्याला सोपवलं असतं तर २००१मध्ये तो फटका मारायला कोण उभं असतं, हा प्रश्न काही योगायोगाचा नाही.

खेळाडू स्वतः काय म्हणतात तेही ऐका. लिव्हरपूलचा जेमी कॅरागर. १ जुलै २००६, गेल्सेनकिर्चेन, पोर्तुगालविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. केवळ पेनल्टी मारण्यासाठी म्हणून त्याला जादा वेळेच्या अगदी शेवटी मैदानात आणलं. त्याने चेंडू ठेवला, वळला आणि जाळ्यात मारला. पण रेफरीने शिट्टीच वाजवली नव्हती. पुन्हा मारा. दुसऱ्या वेळी पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो याने अडवला. इंग्लंड बाहेर. पुढे आत्मचरित्रात त्याने मोकळेपणी लिहिलं, की इंग्लंडच्या पराभवांनंतर घरी परतताना मनात एकच विचार घट्ट असायचा: निदान हे लिव्हरपूलच्या बाबतीत झालं नाही. त्यावर बराच गदारोळ झाला. पण या माणसाने देशासाठी अडतीस सामने खेळले आणि विश्वचषकाची पेनल्टी मारायची जोखीम अंगावर घेतली. मनात कोण पहिलं आणि कोण दुसरं, यावरून त्याने त्या फटक्यात काही कसूर ठेवली असं कोण म्हणेल? जाता जाता सांगायला हवं, की हा लिव्हरपूलचा कट्टर माणूस लहानपणी एव्हर्टनचा चाहता होता, म्हणजे समोरच्या आळीचा. क्लबच्या सरावाला रोज जाता-येता त्याची निष्ठा बदलली. निष्ठा अशीच घडते, रोजच्या राबत्याने. वर्षातून मोजके दहा-बारा सामने खेळणारा राष्ट्रीय संघ हा राबता कुठून देणार?

आणि हा राबता देशाच्या आड येतो म्हणावं, तर समोर स्पेन आहे. बास्क प्रांतात माद्रिदच्या नावाने बोटं मोडणं हा पिढ्यांचा रिवाज. ॲथलेटिक बिल्बाओ हा क्लब शंभर वर्षांहून जास्त काळ बास्क प्रदेशाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो. २००९मध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या राष्ट्रगीताला दोन्ही बाजूंनी एवढ्या शिट्ट्या मारल्या गेल्या, की सरकारी दूरचित्रवाणीने ते दृश्य थेट प्रसारणातून गाळलं आणि त्यापायी तिथल्या क्रीडाप्रमुखाची नोकरी गेली. आपल्याकडच्या तर्काप्रमाणे असल्या लोकांमुळे स्पेनचा संघ रसातळाला जायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी स्पेन विश्वविजेता झाला, तो बार्सिलोनाच्या खेळाडूंच्या जिवावर. विजयानंतर झावी आणि पुयोल मैदानात कॅटलोनियाचा झेंडा घेऊन फिरले. १४ जुलै २०२४ला बर्लिनमध्ये स्पेनने इंग्लंडला २-१ हरवून युरो जिंकला. पहिला गोल ॲथलेटिकच्या निको विल्यम्सचा, दुसरा ८६व्या मिनिटाला रेआल सोसिएदादच्या ओयार्साबालचा. गोलरक्षक उनाई सिमोन पुन्हा ॲथलेटिकचा. म्हणजे गोल करणारे दोघेही आणि गोल राखणाराही बास्क क्लबांचे.

निको विल्यम्सच्या घरातच या वादाचं उत्तर राहतं. आईवडील घानाहून आलेले. थोरला भाऊ इन्याकी २०१६मध्ये स्पेनकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि २०२२मध्ये घानाकडे गेला. धाकटा स्पेनचा. कतारच्या विश्वचषकात दोघे सख्खे भाऊ दोन वेगळ्या देशांकडून उतरले. क्लब मात्र दोघांचाही एकच, ॲथलेटिक. आता या भावांना कुठल्या उतरंडीत बसवणार?

आपल्याकडचंच हवं असेल तर फुटबॉल बाजूला ठेवून वानखेडेवर या. एप्रिल २०२४मध्ये रोहित शर्माला काढून कर्णधार केलेल्या हार्दिक पंड्याची, तो मुंबई इंडियन्सचाच असूनही, वानखेडेच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ४ जुलैला टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानात आला तेव्हा 'हार्दिक, हार्दिक' असा गजर झाला. तीच मुंबई, तेच स्टेडियम, मध्ये तीन महिने. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

एवढं ऐकल्यावर समोरचा आपला शेवटचा आणि सगळ्यात भारी मुद्दा काढतो. तो टाळण्यासारखा नाही. म्हणतो: नेपल्सचा माणूस नेपल्सच्या क्लबवर प्रेम करतो, बिल्बाओचा बिल्बाओच्या. तुमच्या नाशिकच्या पोराचा लिव्हरपूलशी संबंध काय? त्याने मर्सी नदी कधी पाहिली आहे? त्याचं प्रेम म्हणजे टीव्ही कंपनीने विकलेला माल.

माल आहे, हे खरं. साहेबांनी आपली लीग आशियाभर विकण्यासाठी काय काय केलं ते सगळ्यांना दिसतं. दुपारचे सामने आपल्या संध्याकाळी सोयीचे पडतात, हे त्यांना चांगलं कळतं. पण नाशिकच्या पोराला दोष देण्याआधी त्याला दुसरं काय देऊ केलं होतं ते सांगा. जिथे देऊ केलं तिथे काय होतं हे बघायचं असेल तर कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. कुस्तीच्या तालमींतून उभे राहिलेले हे संघ. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. कुठल्या पेठेत जन्मलात यावर तुमचा संघ ठरतो, तुम्हाला कुणी विचारत नाही. काही संघांतून नायजेरियाचे खेळाडूही खेळतात आणि पेठ त्यांना आपलंसं करून टाकते. याच कोल्हापुरात विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सीचे आणि नेमारचे कटआऊट लागतात, अर्जेंटिना-ब्राझीलवरून मित्रमित्रांत अबोला होतो. आणि याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठ, ब्राझील आणि भारत एका गल्लीत सुखाने नांदतात. (कधीकधी सुखाने नाही. दगडफेकही झालेली आहे आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण ज्या मैदानावर कुणी येतच नाही तिथे दगड पडत नाहीत, एवढंही लक्षात असू द्यावं.)

बाकी महाराष्ट्राचं काय? ढाक्यात हरलेल्या संघाचा प्रशिक्षक खालिद जमील हा मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस. तो महिंद्र युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीकडून खेळला आणि पुढे अनेक वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. या तीन क्लबांची आजची स्थिती अशी. महिंद्र युनायटेड २००५-०६चा राष्ट्रीय लीगचा विजेता. मालकांनी २०१०मध्ये बंद केला. एअर इंडियाला परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्याच्या कारणावरून २०१३मध्ये आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या वरच्या लीगमधून, वगळण्यात आलं. मुंबई एफसी २०१७मध्ये तळाला गेला आणि संपला. ज्यांनी देशाला प्रशिक्षक दिला त्यांतला एकही देशाच्या वरच्या लीगमध्ये उरलेला नाही. पुण्याचा पुणे एफसी २०१२-१३मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, तोही गेला. भारत एफसी एका मोसमात आटोपला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसमांत. इंडियन सुपर लीगचा एफसी पुणे सिटीही २०१९मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. शेजारच्या गोव्यात डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, साळगावकरनेही मिळवलं. सुपर लीगला वरचं स्थान देऊन आय-लीग खाली ढकलायचं ठरलं तेव्हा २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण दर पाच वर्षांनी एक विहीर बुजवतो आणि मग तहानलेल्याने लांबच्या नळावर तोंड का लावलं म्हणून त्याच्यावर डाफरतो. ज्या पुणेकराने २०१५मध्ये आपल्या शहराच्या क्लबचा टी-शर्ट घेतला, त्याला तो २०२०मध्ये घरात पोछा म्हणून वापरावा लागला. लिव्हरपूल निदान पुढच्या वर्षी असेल याची त्याला खात्री वाटते. ही गुलामी नव्हे, हा साधा व्यवहारी शहाणपणा आहे.

भारतीय माणूस देशी क्लबवर जीव टाकत नाही, हेही खोटं. २०२०मध्ये मोहन बागानचं एटीके या कंपनी-क्लबशी लग्न लावून दिलं गेलं आणि शतकाहून जुन्या नावाच्या पुढे 'एटीके' चिकटवलं गेलं. चाहते तीन वर्षं रस्त्यावर, स्टेडियममध्ये, फलकांवर एकच मागणी करत राहिले. २०२३मध्ये मालकांना ते नाव काढावं लागलं. याच क्लबने २९ जुलै १९११ला बहुतांशी अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा भारताचा राष्ट्रीय संघ नावाची वस्तू नव्हती. देशाचं काम क्लबने केलं. १८ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या हत्येच्या पार्श्वभूमीवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड कपचा सामना रद्द झाला, तेव्हा शंभर वर्षांचे हे वैरी चाहते सॉल्ट लेक स्टेडियमच्या बाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीला न्याय मिळावा म्हणून घोषणा देत लाठ्या खाल्ल्या. क्लबचं प्रेम माणसाला संकुचित करतं म्हणणाऱ्यांनी ती संध्याकाळ विसरू नये. बंगळुरू एफसी तर २०१३मध्ये जन्मला. तीन वर्षांत दोन आय-लीग जिंकून २०१६ला एएफसी कपच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि त्याच्या मागे गाणारं, नाचणारं स्टेडियम उभं राहिलं. क्लब नीट चालवला की चाहता जुळायला पिढ्या लागत नाहीत.

क्लब आणि देश यांत खरोखर एक भांडण आहे, ते मात्र कुणी नीट मांडत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये हांगझौच्या आशियाई खेळांसाठी सुपर लीगच्या क्लबांनी खेळाडू सोडायला काचकूच केली. संघ शेवटच्या घटकेपर्यंत ठरेना, सामन्याच्या आदल्या दिवशी तो चीनमध्ये उतरला आणि दुसऱ्या दिवशी यजमानांनी ५-१ धुऊन काढलं. फिफाच्या नियमांनी या स्पर्धेसाठी खेळाडू सोडायची सक्ती नव्हती, त्यामुळे क्लब कागदोपत्री बरोबर होते. लीगचं वेळापत्रक कुणी ठरवलं, महासंघ आधी का बोलला नाही, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. या सगळ्यात टीव्हीसमोर बसलेल्या चाहत्याचा काडीचाही संबंध नव्हता. मालकांनी देशापुढे क्लब ठेवला तर तो 'व्यावसायिक निर्णय', आणि चाहत्याने ठेवला तर ती 'मानसिक गुलामगिरी'. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही रीत फुटबॉलपुरती तरी बंद व्हावी.

आणि भारताचा सामना न पाहणाऱ्यालाही कुणी उगाच दटावू नये. ज्या देशाच्या महासंघाला ऑगस्ट २०२२मध्ये खुद्द फिफाने काही दिवस निलंबित केलं, ज्याच्या वरच्या लीगचा २०२५-२६चा मोसम कराराच्या घोळात महिनोनमहिने अडकून पडला आणि खेळाडूंना आपण कधी खेळणार हेच कळेना, त्या देशात चाहत्याकडे निष्ठेचा हप्ता थकला म्हणून नोटीस पाठवायचा अधिकार नेमका कुणाला आहे?

तेव्हा यापुढे कुणी तुमच्या अंगातल्या लाल टी-शर्टकडे बोट दाखवून तुमचा देश कोणता असं विचारलं, तर चिडू नका. त्याला उलट एवढंच विचारा, की तुमच्या शहराचा क्लब कोणता, आणि त्याचा शेवटचा सामना तुम्ही मैदानात जाऊन कधी पाहिला. विचारणारा पुण्याचा असेल तर त्याची फार अडचण करू नका. देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा क्लब पुण्याला २०१९पासून नाही.